विमान उडेस्तोवर

मी बाक बोलून राह्यलो. नागपूरच्या विमानतळाबाहेरचा, सागाचा. मूळ माझं आलापल्लीच्या जंगलातलं, म्हणून बोली अजून तिकडचीच.

मी आलो तेव्हा इथी होतंच काय? एक बैठी इमारत अन् मोकळं मैदान. चार दिशांची विमानं यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची अन् उडून जायची. मग प्रवासी वाढले. परदेशाचं पहिलं विमान उतरलं तेव्हा मले नवं पॉलिश मारलं होतं. काय तोरा होता माझा! पुढे हजची विमानं सुरू झाली. नागभीडच्या जलालुद्दीनभाऊंले पोचवाले अर्धा मोहल्ला टेम्पो भरून आला, अन् आठ-आठ जण माझ्यावरच बसले! मग काचेची नवी इमारत झाली अन् मले दाराबाहेर काढलं. बरंच झालं म्हणा. आत जाणाऱ्यायले बसाले वेळ कुठी असते?

बाहेर बसणाऱ्यांतली एक पोंभुर्ण्याची कमलाबाई. तिची लेक रिना कतारले नर्स आहे. सुट्टी संपवून रिना आत गेली की ही माझ्यावर बसायची, अन् जे विमान उडेल त्याले हात हलवायची.

"बाई, हे तं दिल्लीचं होतं," पहारेकरी हसायचा.

"असू दे ना भाऊ. तिचं कोणतं, मले काय समजते? तिच्याच विमानाले हात कराचा राह्यला तं?"

मले हसू यायचं, अन् रडूही. लॉकडाऊनमध्ये विमानं बंद झाली, रिना तिकडेच अडकली. तेव्हा मी रिकामा पडून या मायचीच काळजी करत होतो.

आज कमलाबाई पांढरं शुभ्र लुगडं नेसून आली. रिनाचं बाळंतपण आहे, माय पहिल्यांदा विमानात बसणार. शेजारची अंजनाबाई पोचवाले येणार होती, पण तापानं पडली. कमलाबाई घडीभर माझ्यावर टेकली.

"सगळ्यायले मी हात केला," ती पुटपुटली, "अन् मले कराले कोणीच नाई."

डोळे पुसले, पिशवी उचलली अन् गेली आत.

आता दोन मजूर मले उचलाले आले आहेत. इथी स्टीलच्या खुर्च्या लागणार, मी भंगारात. जाईन ना भाऊ, माझं काही म्हणणं नाई. फक्त जरा दम धरा. माझ्या कमलाबाईचं विमान अजून उडालं नाई. तिचं कोणतं, मलेही समजत नाई. म्हणून मी सगळ्यायलेच पाहून राह्यलो.