साकवाचे पैसे

कमलेशदादा माझा चुलतभाऊ. ग्रामपंचायतीचा मेंबर. आमचं गाव कडावच्या पुढं, ओढ्यापलीकडं. ओढ्यावर साकव नाय, पायी जायला छोटा पूलसुद्धा नाय. दुधाचा टेंपो अलीकडंच थांबतो, म्हणून माझी बहीण सोनाली रोज कॅन डोक्यावर घेऊन पाण्यातनं येते. गेल्या महिन्यात घसरली. दूध गेलं, मनगट मोडलं.

त्याच महिन्यात दादानं मुंबईच्या एका फार्महाऊसवाल्याला वीस गुंठ्यांचा एनए प्लॉट विकला. साठ लाखांना. खरेदीखतावर बावीस. बाकीचे अडतीस मोबाईलवर, क्रिप्टोत. खालापूरला माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान हाय, तिथं आला.

"याचे रोख करून दे रं. त्याचा स्टॅम्प वाचला, माझा टॅक्स वाचला!"

तोंडावर असा आव, जसा काय क्रिप्टो यानंच काढलाय. साधा पासवर्ड बदलता येत नाय.

मी करून दिले. दोन टक्के घेतले. खोटं कशाला बोलू.

रविवारी ग्रामसभा. सरपंच सुंदराबाई बोलल्या, "खरेदीखतावर जेवढी किंमत, तेवढा स्टॅम्प लागतो, त्यातला वाटा पंचायतीला येतो. त्यातनं साकव करायचा होता. यंदा वाटा निम्माच आला."

दादा ताडकन उठला. "सरकार चोर हाय! आमच्या आयाबहिणींनी पाण्यात मरायचं का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोनालीचा हात प्लास्टरमध्ये. तिनं मान डोलावली. दादाला! ते मला बघवलं नाय.

उठलो. सगळं सांगितलं. साठ, बावीस, अडतीस. माझे शहात्तर हजार पण.

दादा पांढराफटक. "घरातलं चारचौघांत कशाला काढतोस रं?"

"घरातलं नाय, साकवाचं हाय."

मला वाटलं, आता दादाची खैर नाय.

शेजारचे धाऊकाका उठले, माझ्याजवळ आले. "माझा पण प्लॉट चाललाय. तुझा नंबर दे रं." कुजबुजत नाय, चांगलं मोठ्यानं.

मग मागच्या रांगेतला येसाजी. मग अजून दोघं. दादाच्या तोंडावर परत रंग आला. तो त्यांना समजवायलाच बसला, "आधी ॲप घ्यायचं..." साकवाचा विषय पुढच्या सभेवर गेला.

बाहेर सोनालीनं मला अडवलं. "तुझे शहात्तर हजार काढ. ओढ्यात सिमेंटचे पाईप टाकून घेते मी."

काढले. पाईप टाकले, वर मुरूम ओतला.

त्यावरनं पहिली गाडी गेली ती दादाची. नवीकोरी. हॉर्न वाजवत गेला, सोनालीला बाजूला व्हायला लावून.