तव्याने ठोकलेली खुंटी

मी सर्व्हेची खुंटी बोलतेय. ओकच्या लाकडाची, डोक्याला नारिंगी फीत. गोड बोलणं मला जमत नाही, आधीच सांगून ठेवते.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून चौपदरी रस्ता न्यायचा म्हणून माझ्यासारख्या शेकडो जणींना ओळीत ठोकलं. माझ्या वाट्याला ऑर्फाआजीचं परस आलं, घेवड्याच्या वेलांशेजारी. तिथून ओळ चढणीने थेट तिच्या घरच्या दफनभूमीत शिरत होती. तिथे तिचा नवरा क्लेटस निजलेला.

तिचे मुलगे आर्लिस आणि डॉयल. दोघंही साठीचे, तोंडाने शूर. रस्त्याविरुद्धच्या सभेत टेबल बडवायचं, "बाबांचं हाडसुद्धा हलू देणार नाही!" म्हणून ओरडायचं आणि घरी जाताना मला उपटून चरात फेकायचं. ओळ कागदावर कधीच पक्की झाली होती, पण एवढं कोणाच्या डोक्यात शिरतंय!

सकाळी आजी गुडघे धरत यायची, मला शोधून एप्रनला पुसायची आणि बिडाच्या तव्याने परत ठोकायची. माझं डोकं फुटलं, पण तिच्यावर रागावताच येत नाही हो.

मे महिन्यात एका रविवारी इथले लोक थडगी झाडून कागदी फुलं वाहतात. त्या रविवारी मुलगे जेवायला आले आणि आजी तव्यासकट सापडली.

"आई! ही तू ठोकतेस?"

"मग काय, भूत ठोकतंय?"

"अगं, बाबांना उकरून खाली नेतील!"

"नेऊ देत. चर्चमागे सपाटीला. मी सही दिलीय."

डॉयल लालबुंद. "आम्हाला न विचारता?"

"तू वर शेवटचा कधी गेला होतास रे?"

"चढण केवढी आहे, आई..."

"माझे गुडघे गेले, म्हणून सहा वर्षं त्याला फूल नाही. तुमचं काय गेलं?"

आर्लिस टोपी काढून उगाच झटकत राहिला.

रस्ता झाला. डोंगर मधोमध कापला, ओढा गढूळ झाला. ते मी माफ केलेलं नाही. पण क्लेटस सपाटीला आला. हलवताना थडग्याचा दगड फुटला, तेव्हा आजी मला पुढे करत म्हणाली, "नवा येईपर्यंत हिला उभी करा."

परवाच्या रविवारी ती एकटी चालत आली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून तिने कागदी फुलं माझ्याच फितीने माझ्यावर बांधली आणि बराच वेळ माझ्यावर हात टेकून उभी राहिली.

दगड आला की मला खुशाल जाळा. फक्त चूल तिची असू द्या, आणि वर तोच तवा.