आहेरात गेलेला डबा

वैशाख लागला की अहेरीत वस्तू आपापल्या घरी राहत नाहीत. एकाची कढई दुसऱ्याच्या चुलीवर चढते, शाळेच्या सतरंज्या मांडवात निजतात, कुणाचा पाटा कुणाच्या अंगणात हळद वाटत बसतो. लग्नघरानं मागितलं आणि कुणी नाही म्हटलं, असं इथे ऐकिवात नाही. पावसाच्या तोंडाशी सगळ्या वस्तू गुरांसारख्या आपल्या वाटेनं परत येतात. एखादी चेपलेली असते, एखादीवर भलत्याचंच नाव असतं. त्यावरून कुणी भांडत नाही.

रश्मीला ही रीत ठाऊक होती. ती पोंभुर्ण्याची, तिकडेही हेच चालतं. पण कढईला लागू असलेला कायदा बॅटरीलाही लागू असतो, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

वनमाला नागरी पतसंस्थेच्या अहेरी शाखेत रश्मी काउंटरवर लागली होती. मग एकदा प्रिंटर बंद पडला, त्याला हात लावायला सगळे भीत होते, तेव्हा तिनं तो उघडून आतली पाल बाहेर काढली. त्या दिवसापासून संगणकाची खुर्ची तिची झाली. खुर्ची खिडकीशी होती, खिडकीबाहेर कडुनिंब होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच लोक तिला काही विचारायला येत होते.

त्या खुर्चीवरच आता बेतलं होतं. शाखेचे संगणक चंद्रपूरच्या मुख्य कार्यालयाशी जोडलेले होते आणि मधे फायरवॉल नावाचा एक लोखंडी डबा बसवलेला होता. कोणाला आत घ्यायचं, कोणाला दारातून परत लावायचं, हे तो ठरवायचा. या डब्यात नवं सॉफ्टवेअर भरायचं होतं. सोमवारी सकाळी ज्या शाखेचा डबा जुनाच असेल, तिला मुख्य कार्यालय ओळख देणार नव्हतं.

"मी इंजिनिअर पाठवतो," मुख्य कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले होते. "तुमच्यानं व्हायचं नाही ते."

"होईल सर."

"नाही झालं तर पुन्हा काउंटर. आताच सांगून ठेवतो."

"होईल सर," ती पुन्हा म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर पाणी प्यायली.

तयारी तिनं अशी केली की लग्नघरानं लाजावं. डब्यातली जुनी मांडणी उतरवून घेतली, तिची आणखी एक प्रत केली, तरी मन भरेना म्हणून महत्त्वाचं ते हातानं लिहून काढलं. नव्या सॉफ्टवेअरची सीडी चंद्रपूरहून एसटीनं आणली ती मांडीवर, ओढणीत गुंडाळून, उन्हानं वितळू नये म्हणून. मुख्य कार्यालयाचा लॅपटॉप उसना आणला. डबा कुठं हरवू नये म्हणून त्याच्या खोक्यावर ठळक लिहिलं: रश्मी रामटेके, वनमाला पतसंस्था, अहेरी. सांभाळून. आणि दारावर सूचना लावली की रविवारी यंत्रणा पूर्ण बंद राहील, कोणी वापरू नये.

भीती एकच होती. सॉफ्टवेअर भरताना मधेच वीज गेली, तर डबा अर्धा जुना अर्धा नवा होऊन कायमचा मुका होतो. तो दोन हजार सातचा उन्हाळा. वीज चंद्रपूरला जन्मायची आणि अहेरीला नुसती तिची आठवण यायची. पण शाखेत यूपीएस होता. त्याच्या दोन गलेलठ्ठ बॅटऱ्यांवर काम सहज निभावलं असतं.

रविवारी सकाळी तिनं शाखा उघडली. यूपीएस सरकवायला गेली तर तो फुलासारखा हलका उचलला गेला. मागं बॅटऱ्यांच्या जागी धुळीत दोन चौकोन स्वच्छ होते, सारवल्यासारखे.

वैशाखात वस्तू कुठं जातात, हे तिला ठाऊक होतं. मग तिनं स्कूटी काढली आणि सरळ लग्नात गेली.

लग्न शाखेचे शिपाई श्रीहरीभाऊ यांच्या लेकीचं, कमलाचं होतं. मांडवाच्या तोंडाशी कय्यूमभाऊंचा संसार मांडलेला होता: भोंगे, अँप्लिफायर, वायरांची गुंतवळ, आणि टेबलाखाली पतसंस्थेच्या दोन बॅटऱ्या. गळ्यात झेंडूचे हार घालून त्या मानकऱ्यांसारख्या बसल्या होत्या. नव्या शर्टाची घडी न मोडलेले श्रीहरीभाऊ हसत पुढे आले.

"या मॅडम. लवकर आल्या, बरं केलं."

"श्रीहरीभाऊ, बॅटऱ्या काऊन आणल्या?"

"तुमीच तं दारावर लिवलं ना. रविवारी सारं बंद राहील. मी म्हटलं, बिचाऱ्या दिवसभर रिकाम्या बसून का करतील? तेवढंच लग्न पाहतील."

रश्मीनं कय्यूमभाऊंकडे पाहिलं. मंडप आणि माईकच्या धंद्यात त्यांचे केस पिकले होते. त्यांनी मान हलवली.

"माझं जनरेटर सकाळपासून रुसलं, बाई. आता या काढल्या अन लाईट गेली तं माईक मरते. बिनमाईकचं लग्न मी आजवर लावलं नाई. लोक म्हणतील, कय्यूमनं मुकं लग्न लावलं."

श्रीहरीभाऊंचा चेहरा पडला होता. पोरीच्या लग्नाच्या दिवशी बापाचा चेहरा पडावा, हे रश्मीला बघवेना.

"राहू द्या," ती म्हणाली. "बॅटऱ्या येत नाईत तं डबा इथी आणते."

थोड्याच वेळात अँप्लिफायरच्या शेजारी, आहेराच्या टेबलाला लागून, फायरवॉल बसला. लॅपटॉपची तार त्याला जोडली, त्याची तार बॅटरीला जोडली. रश्मीनं डोळे मिटले, कळ दाबली, आणि डब्यावरचा पिवळा दिवा काजव्यासारखा लुकलुकू लागला.

कमलाची आजी नीलाबाई काठी टेकत आली. "हे का होय गं?"

"आजी, बँकेच्या दारावर बसते हे. ओळखीच्याले आत घेते, बाकीच्याले परत लावते."

"म्हणजे मीच," म्हातारी म्हणाली, आणि खुर्ची ओढून डब्याला खेटून बसली. त्यानंतर टेबलाजवळ कुणाची यायची टाप नव्हती. पाणी वाटणाऱ्याला तिनं काठीनं अडवलं, फोटोवाल्याला हाकललं, खुद्द नवरदेवाच्या भावाला त्याचं गोत विचारलं. बसल्या बसल्या तिनं डब्याला ओवीही जोडली:

दाराशी दिवा लावा, दिव्याले राखण बाई,
ओळखीचा पाय आत, परक्याले वाट नाई.

पांढऱ्या पातळातली कमला आणि तिचा नवरदेव बुद्धाच्या मूर्तीसमोर उभे राहिले. मंगलगाथा सुरू झाली, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. पंखे थांबले. सगळ्या मांडवानं वर पाहिलं, एकट्या रश्मीनं खाली पाहिलं. माईकमधला आवाज तुटला नाही. पिवळा दिवा लुकलुकत राहिला. गाथा संपली, फुलं उधळली गेली, आणि त्या फुलांच्या पडद्याआड दिवा हिरवा झाला.

रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईला वाटलं, नवरीसाठी रडून राह्यली. तिनं आपला पदर पुढे केला.

रश्मीनं डबा खोक्यात घातला आणि निघाली, पण लग्नातून उपाशी जायची सोय नव्हती. नीलाबाईच्या भरवशावर खोकं आहेराच्या टेबलावर ठेवून ती पंगतीत बसली. इकडे नीलाबाईला फोटोसाठी बोलावणं आलं. कय्यूमभाऊ जनरेटरची समजूत काढायला गेले. आणि माईक लागला नवरदेवाच्या मामाच्या हाती.

नथ्थूमामा जिवतीचे. डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला गळा, आणि सकाळपासून डोळा माईकवर. ते आहेर पुकारू लागले. कोणाची स्टीलची बादली, कोणाची चादर. रश्मीनं वरण-भाताचा घास उचलला, तेवढ्यात मामांनी खोक्यावरचं नाव वाचलं.

"रश्मी रामटेके, वनमाला पतसंस्था, अहेरी. यायच्याकडून," ते थांबले, खोकं उघडून आत डोकावले, "एक मशीन. दिव्यावालं. खोक्यासहित."

टाळ्या पडल्या. सबंध लग्नात मशीन कुणीच दिलं नव्हतं.

घास रश्मीच्या हातातच राहिला. ती धावत टेबलापाशी पोचेपर्यंत खोकं वऱ्हाडाच्या गाडीत, गादी आणि कपाटाच्या मधे जाऊन बसलं होतं.

श्रीहरीभाऊ तिच्या आधीच तिथं उभे होते, पांढरेफटक. "मॅडम, मी मामाले सांगतो. चूक झाली म्हणतो."

पण त्यांचा पाय उचलेना. माईकवर पुकारलेला आहेर परत मागायचा म्हणजे भरल्या मांडवात नवरदेवाच्या मामाला खोटं पाडायचं. कमलाला त्याच मामाच्या गावात नांदायचं होतं. मामा तर गाडीपाशी पाहुण्यांना सांगत होते, "असं मशीन आमच्या जिवतीत कोणाकडेच नाई."

रश्मीनं गाडीकडे पाहिलं, मग कमलाकडे. कमला मैत्रिणींमध्ये हसत होती, केसांत पाकळ्या अडकल्या होत्या. खिडकीशी असलेली खुर्ची रश्मीच्या डोळ्यांसमोर आली, कडुनिंबासकट.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "काउंटरवरही पंखा आहे."

"काय राहू द्या?" मागून नीलाबाई आली. सगळं ऐकून घेतलं आणि काठी आपटली. "माझ्या राखणीतली वस्तू गेली. आता मीच आणते." तिनं कमलाला खूण करून बोलावलं, कानात काही सांगितलं. कमलानं एकदा रश्मीकडे पाहिलं, तोंडावर पदर धरून हसली, आणि नवऱ्याच्या कानात काही बोलली. लग्नानंतरची तिची ती पहिलीच मागणी. नवरा बिचारा तडक गाडीकडे गेला.

तोवर कय्यूमभाऊ आले होते. नीलाबाईनं सांगितलं तसं त्यांनी माईक घेतला, घसा खाकरला.

"हजरात, ध्यान द्या. ज्यानं मोठा आहेर केला, त्याले रिकाम्या हातानं परत धाडणं या घरची रीत नाई. म्हणून नवरी अन नवरदेव, दोघायकडून रश्मीबाईले परतीचा आहेर. एक मशीन. दिव्यावालं. खोक्यासहित. वरून एक ब्लाऊजपीस."

पुन्हा टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा जोरात. रश्मीनं खोकं छातीशी धरलं. नथ्थूमामांनी मिशीवरून हात फिरवला.

"दिलदार सून भेटली," ते लोकांना म्हणाले. मग हळूच रश्मीजवळ आले. "मशीन छान व्हती पण, बाई."

तेव्हा तिला आठवलं. लॅपटॉपच्या पिशवीच्या तळाशी तिचा खरा आहेर होता, भिंतीवरचं घड्याळ. तिनं ते मामांच्याच हाती दिलं, आणि मामांना पुन्हा एकदा माईक मिळाला. मांडवाच्या कडेला नीलाबाई नातीच्या वाटेकडे पाहत आपल्याशीच गुणगुणत होती:

आहेर येते जाते, जसं नदीचं पाणी,
लेक जाते सासराले, मागं राह्यते तिची गाणी.

सोमवारी श्रीहरीभाऊंनी बॅटऱ्या जागेवर ठेवल्या. हार तसेच होते. डब्यावर ब्लाऊजपीस पांघरलेला, जाळीत एक पाकळी अडकलेली, आणि दिवा हिरवागार. चंद्रपूरनं अहेरीला ओळख दिली.

दुपारी साहेबांचा फोन आला.

"तुमचं झालेलं दिसतंय."

"हो सर."

"जिवती शाखेत मधेच वीज गेली. तिथला डबा मेला. मी नवा पाठवतो. तुम्ही जाऊन बसवून द्याल का? तुमची ती खुर्ची आता तुमचीच समजा. पण जिवतीत बॅटरीचं काही खरं नाही."

रश्मीनं फोनवर हात ठेवला.

"श्रीहरीभाऊ, या आठवड्यात जिवतीत कोणाचं लग्न आहे का?"

श्रीहरीभाऊंना आठवावं लागलं नाही. "आहे ना. नथ्थूमामाच्याच पोरीचं."

"माईक कोणाचा?"

"कय्यूमभाऊचा."

रश्मीनं हात काढला. "जाते सर," ती म्हणाली. "फक्त या वेळी खोक्यावर माझं नाव नको."