कस्तुराबाईंचा खल

मित्रांनो, दगडाला पाझर फुटत नाही असं म्हणणाऱ्यांनी मला पाहिलेलं नाही. मी एक जुना खल आहे, काळ्या दगडाचा. पाथरवटाने छिन्नीने टोचून टोचून मला पोखरलं, तुळजापूरच्या बाजारात मांडलं आणि जळकोटच्या कस्तुराबाईंच्या सासूबाईंनी पारखून घरी आणलं. तेव्हापासून माझ्या पोटात कडुलिंब, दगडीपाला आणि हळद वाटली जाते. विळा लागो की बैलाचा पाय पडो, माणसं आधी आमच्याच पडवीत यायची. जखमा भरायच्या आणि आमचं नाव व्हायचं. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

आमच्या घरी एक रीत होती. औषधाचा खल पाण्याने धुवायचा नाही. धुतला तर गुण वाहून जातो, असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. म्हणून कस्तुराबाई मला नुसत्या पाल्याने पुसायच्या. माझ्या खाचांत जुना लेप ओलसर राहायचा आणि त्यावर बुळबुळीत थर धरायचा. मला माझीच किळस यायची. पण दगडाचं कोण ऐकतं?

मग कस्तुराबाईंच्या एकुलत्या एका मुलाच्या, महारुद्रच्या, तळपायात बाभळीचा काटा मोडला. त्याला साखरेचा आजार. काटा निघाला, पण जखम भरेना. आई रोज नवा लेप जुन्या लेपावरच थापायची. वरून जखम वाळल्यासारखी दिसायची आणि दाबली की पू यायचा.

एके दिवशी पौर्णिमा आली. ती उपकेंद्रातली नर्स, गावातलीच मुलगी. तिने पाय पाहिला. मग माझ्या पोटात बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"मावशी, ह्यो खल कवा धुतला व्हता?"

"औषदाचा खल धूत न्हाईत, पोरी. गुण जातो."

"पाल्यात गुण हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पन जंतू असा चिकट थर करून त्याच्या आत दडून बसत्यात. ह्या खलातबी बसल्यात, पायातबी. वरनं कितीबी लेप लावा, आत पोचायचा न्हाय. जखम दवाखान्यात साफ करावी लागंल. आजच सोलापूरला न्या."

कस्तुराबाईंचा चेहरा पडला. "पिढ्यांचं औषद हाय हे. माज्याच लेकराला लागू पडंना म्हनून गावाला काय तोंड दावू? थोडं दिस बघू."

महारुद्रही म्हणाला, "आईच्या हाताला गुण हाय, ताई." मित्रांनो, तेव्हा मला फुटून दोन तुकडे व्हावंसं वाटलं.

बोटं काळी पडली तेव्हा गाडी केली. सोलापूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला.

घरी आल्यावर कस्तुराबाईंनी पाणी उकळलं आणि काथ्याने मला खसाखसा घासलं. हिरवट, कुबट पाणी निघालं. परत घासलं, परत निघालं. ते पाहून त्यांनी तिथंच बसकण मारली.

"रुद्रा, लेकरा, म्याच रं. माज्या हातानं घाण घातली तुज्या पायात."

"गप, आई. तुला कुठं ठावं व्हतं," महारुद्र म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

आता कुणी जखम घेऊन आलं की कस्तुराबाई त्याला उपकेंद्राची वाट दाखवतात. माणसं कुरकुरत जातात. मित्रांनो, पाल्याला नावं ठेवू नका, त्यात बळ आहे. पण जखम आधी स्वच्छ करा. माझ्यासारखं भांडं घासूनपुसून कोरडं ठेवा. आणि जखम चिघळली, तर माझ्याकडे येऊच नका, दवाखाना गाठा. रिकामा पडून राहण्याचं मला दुःख नाही.

महारुद्र कुबडी टेकत पडवी ओलांडतो, तेव्हा त्याची आई काही तरी कामाचं निमित्त काढून आत जाते. मला आत जाता येत नाही.