पहिल्या दोरीचा मानकरी

स्ट्रुअन जिना उतरून आला तेव्हा त्याने बाबांचा किल्ट, आमच्याकडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, मागचा पुढे करून नेसला होता. सगळ्या चुण्या पोटावर! एक्कावन्न वर्षांचा बाप्या, स्कॉटलंडात डिंगवॉलमधल्या किल्ट शिवणाऱ्याचा मुलगा, आणि त्याला हे ठाऊक नाही. त्या दिवशी बाबांचं दफन नसतं तर मी खुर्चीतून पडेपर्यंत हसले असते.

"काय बघतेस? जमलाय ना?"

"उलटा आहे. सपाट बाजू पुढे, चुण्या मागे. बाबांनी बघितलं असतं ना, तर दारातूनच परत पाठवलं असतं तुला."

"अगं ऊना, टोरांटोत किल्ट कोण नेसतं? सव्वीस वर्षांत एकदा तरी लागलाय का मला?"

नुसता गुंडाळलेला किल्ट फिरवून बांधायला गेला तर पट्टे बक्कलांपर्यंत पोचेनात. आठ वार लोकर असूनही पोट पुरून उरलं. "जाऊ दे, पँट घालतो," तो म्हणाला. तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण चाळीस वर्षं सुई धरलेले हात कुठले ऐकतात?

"काढ तो. दहा मिनिटांत बक्कलं सरकवते."

शिवताना मान वर न करताच मी मनातलं बोलून टाकलं. पेटी कबरीत उतरवायला आठ दोऱ्या असतात. डोक्याकडची पहिली दोरी सर्वांत जवळच्या माणसाची. दफनाची व्यवस्था बघणाऱ्या गिलीजने जुन्या रीतीप्रमाणे मुलाचं नाव लिहून टाकलं होतं. हल्ली बायकाही दोरी धरतात, पण मला कुणी विचारलंच नाही. बाबांना झटका आल्यापासून सहा वर्षं त्यांना आंघोळ घालणारी मी, भरवणारी मी, दुकान चालवणारी मी. स्ट्रुअन नाताळला फोन करायचा.

"पहिली दोरी मला दे, स्ट्रुअन."

"घे की! मला तर धडकीच भरलीय. हातातून निसटली बिटली तर? मी आपला मागे उभा राहतो."

इतक्या सहज देईल असं वाटलं नव्हतं. मला रडूच आलं. त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी त्याला नवरदेवासारखा सजवला. काठ बरोबर गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर आणला. किल्टच्या काठाजवळची शोभेची पिन त्याने दोन्ही पदरांतून आरपार टोचली होती, ती काढून फक्त वरच्या पदराला लावली, नाहीतर चालताना कापड ओढून फाटतं. कमरेची थैली त्याने विमानतळावर घेतली होती, पांढऱ्या केसाळ कातड्याची.

"ही? अरे, नाचायला चाललायस का? बापाला पुरायचंय."

"दुकानातली बाई म्हणाली, हीच सगळ्यांत भारी."

"भारी आहे म्हणूनच नको."

बाबांची साधी काळी चामड्याची थैली वेस्टकोटच्या शेवटच्या बटणाखाली चार बोटं बांधली. वेस्टकोट असला की कमरेला रुंद पट्टा लावत नाहीत, तो काढायला लावला. मोज्यात खोचायची रिवाजाची छोटी सुरी डाव्या पायातून उजव्या पायात घातली. बुटांच्या लांब नाड्या घोट्याभोवती मीच गुंडाळल्या, गुडघे टेकून.

चर्चच्या दारात बाबांना लहानपणापासून ओळखणारी म्हातारी डोलीना त्याचे दोन्ही हात धरून म्हणाली, "अरे देवा! हा तर तरुणपणीचा हेक्टरच उभा आहे!" मग सगळे सुरू झाले. हेक्टरचा मुलगा, हेक्टरची चाल, हेक्टरचे खांदे. स्ट्रुअनची छाती पावलागणिक फुगत गेली. दफनभूमीत पोचेपर्यंत त्याला स्वतःलाच पटलं होतं.

गिलीजने पहिलं नाव पुकारलं, स्ट्रुअनचं. ठरल्याप्रमाणे मी हातमोजे काढून पुढे झाले. त्याने माझं कोपर धरलं.

"ऊना, आत्ता नको गं."

"सकाळी काय म्हणालास?"

"सगळे बघतायत. बाबांचा किल्ट नेसून मी मागे उभा राहिलो तर कसं दिसेल? कळतं ना तुला?"

कळतं. मला नाही कळणार तर कुणाला? चुण्या पोटावर ठेवून पाठवला असता तर हाच माझ्या पाठीमागे लपला असता. मीच त्याला हेक्टरचा मुलगा बनवलं आणि स्वतः बाजूला झाले. तिथे भांडले असते तर गावाने वर्षभर चघळलं असतं, आणि तेही पेटीसमोर. हातमोजे पुन्हा चढवले आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

दोऱ्या ताणल्या गेल्या. बाकीचे सात जण सोडायला लागले, स्ट्रुअन तसाच घट्ट धरून. पेटी डोक्याकडून वर राहिली. त्याने घाबरून मान वळवली.

"ऊना, आता सोडायची का?"

"सोड," मी म्हणाले. "हळूहळू. एकेक हात. त्यांना धक्का लागला नाही पाहिजे."

त्याने सोडली, अगदी मी सांगितलं तशी. सहा वर्षं ज्यांना काखेत हात घालून मी उठवलं-बसवलं, ते खाली जाताना माझे हात कोटाच्या खिशात होते.