आधी हात सोडा, काका

उमरोळीच्या धर्माजींनी गेल्या उन्हाळ्यापासून बायकोचा हात सोडला नव्हता. मागच्या दारी कपडे वाळत घालताना प्रेमला ओल्या फरशीवर घसरली आणि मनगट मोडून बसली. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, भीती मात्र निघाली नाही. काहीतरी धरल्याशिवाय ती पाऊल टाकेना. मग धर्माजी तिला दंडाला धरून सगळीकडे नेऊ लागले. न्हाणीपर्यंत, ओटीवर, तुळशीपाशी. शेजारच्या बायका कौतुक करायच्या आणि धर्माजींनाही ते बरं वाटायचं.

मुलगा शैलेश तारापूरला कारखान्यात कामाला होता. त्याला कुणीतरी पालघरच्या एका व्यायाम केंद्राविषयी सांगितलं. तिथे म्हाताऱ्या माणसांकडून टीव्हीवरचे खेळ खेळवून घेतात, त्याने तोल सुधारतो म्हणे.

"नातवंडांचे खेळ आता आमी खेळायचे?" धर्माजी फणकारले. पण शैलेशने दारात रिक्षाच आणून उभी केली.

केंद्रातल्या स्नेहाने प्रेमलाला मोठ्या पडद्यासमोर उभं केलं. पडद्यावर एक टोपली होती. आपण डावीकडे झुकलो की टोपली डावीकडे सरके, उजवीकडे झुकलो की उजवीकडे. वरून फळं पडत, ती टोपलीत झेलायची. दोन्ही बाजूंना धरायला कठडे होते आणि मागे स्नेहा स्वतः उभी होती.

"आधी हात सोडा, काका. काकू सारख्या तुमच्याकडेच कलतायत."

हात सोडला, पण तोंड आवरेना. फळ पडलं की धर्माजी ओरडत, "अगो, सांभाळ!" आणि प्रेमला दचकून कठडा पकडे. असं तीन-चारदा झाल्यावर स्नेहाने त्यांना हसत हसत बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. त्यांना ते फार लागलं. इतके दिवस जिवापाड जपलं आणि आता आपलीच अडचण?

पुढच्या खेपांनाही ते बाहेरच बसले. एकदा आतून प्रेमलाची किंकाळी आली. धर्माजी ताडकन उठले, आत धावले आणि दारातल्या पायपुसण्यात पाय अडकून गुडघ्यावर आदळले.

प्रेमलाला काहीच झालं नव्हतं. टोपली शिगोशीग भरली म्हणून ती आनंदाने ओरडली होती. पण नवरा पडलेला दिसताच ती कठडा सोडून, कुणालाही न धरता, तरातरा त्याच्यापाशी आली.

"लागलं का हो?"

गुडघा खरचटला होता, एवढंच. स्नेहाने त्यांना खुर्चीत बसवून पाय तपासले. थोड्या वेळाने कठड्यापाशी एका पायावर उभं राहायला सांगितलं. धर्माजींना ते क्षणभरही जमेना.

"पाय बधिर वाटतात का, काका?"

धर्माजींनी हळूच मान डोलावली. थंडीपासून तळव्यांखालची जमीन त्यांना नीट कळत नव्हती. वाडीतला पाट ओलांडताना छातीत धस्स व्हायचं, म्हणून पलीकडच्या चिकूंपर्यंत जाणंच त्यांनी बंद केलं होतं. घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"तिला सांगू नका," ते पुटपुटले.

"मला ठाव हाय," प्रेमला म्हणाली. "मला धरता तवा तुमचा सगळा भार माझ्याच दंडावर असतो. बोलले नाय. म्हटलं, बोलले तर वाडीसारखं ह्ये धरून चालणं पण सोडून द्याल."

 धर्माजी तिच्या मनगटाकडे बघत राहिले.

स्नेहाने त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. साखर वाढलेली निघाली, गोळ्या सुरू झाल्या आणि मग तेही पडद्यासमोर उभे राहिले. पहिल्या दिवशी टोपलीत एकही फळ पडलं नाही. प्रेमला हसून हसून डोळे पुसत होती. ते चिडले, पण पुढच्या खेपेला तिच्याआधी चपला घालून तयार होते.

दिवाळीनंतर प्रेमला दातिवऱ्याला बहिणीकडे एकटी राहायला गेली. धर्माजींना वाडीत अजून काठी लागते. शैलेशने न्हाणीत धरायला दांडा बसवलाय, त्याची आता त्यांना लाज वाटत नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. मागे समुद्राची गाज ऐकू येत होती.

"व्यायाम केला का आज?"

"केला की," धर्माजी म्हणाले. त्यांनी फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, ओटा घट्ट धरला आणि घाईघाईने एक पाय उचलला.