माझ्या काचेवरचं भूत

मी एक जुना कॅमेरा आहे, पण माझ्यासमोर बसून फोटोसाठी आजवर कुणी हसलेलं नाही. मित्रांनो, मी चेहऱ्यांचे फोटो काढतच नाही. डोळ्याच्या बाहुलीतून आत डोकावतो आणि थेट मागच्या पडद्याचा फोटो काढतो. त्या पडद्याच्या मध्यावर मोहरीएवढी जागा असते. सुईचं नेढं, पुस्तकातली अक्षरं, आपल्या माणसाचं तोंड, हे सगळं त्या मोहरीएवढ्या जागेनं दिसतं. म्हातारपणी तिथे कधी कधी डाग पडतात. ते पडलेत का, वाढतायत का, हे पाहणं माझं काम.

या दवाखान्यात मला आणलं तेव्हा माझा काय थाट होता! पुसायला मऊ कापड, वेगळं औषध, काचेवर झाकण. माझे फोटो दूरच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे जात आणि तिकडून निरोप येई, "फोटो अगदी लख्ख." ऐकून माझा ऊर भरून यायचा. मग कधीतरी झाकण हरवलं. औषध संपलं. मागणीचा कागद वरच्या मजल्यावर गेला तो गेलाच. एका आजोबांची ओली पापणी माझ्या काचेला टेकली, ठसा वाळला, त्यावर धूळ बसली. तेव्हापासून प्रत्येकाच्या डोळ्यात, मध्याच्या किंचित खाली, एक करडा डाग उमटू लागला.

फोटो काढणाऱ्या ताई मनाने चांगल्या, पण कामाने पिचलेल्या. त्यांनी त्या डागाला नावच ठेवलं: भूत. "घाबरू नका हो, ते मशीनचं भूत आहे, सगळ्यांच्याच डोळ्यात शिरतं." लोक हसायचे. आणि डॉक्टरांना त्या लिहून पाठवायच्या, 'मधला डाग मशीनचा, सोडून द्यावा.'

जन्मभर शिवणकाम केलेली एक आजी दर चार महिन्यांनी माझ्याकडे यायची. तिचा डावा डोळा लहानपणीच्या जखमेने अधू होता. सगळी भिस्त उजव्यावर, आणि उजव्यात बारीक पिवळे ठिपके दिसू लागले होते. सोबत तिची लेक असायची, आणि आता लेकीच्या कडेवर तिची आठ महिन्यांची मुलगी, चिमणी. लेक नोकरीला गेली की चिमणी दिवसभर आजीपाशी.

त्या दिवशी लेक खुर्चीवर टेकलीच नाही. "ताई, आईचं काहीतरी बिनसलंय. काल दूध बाटलीत न ओतता ओट्यावर ओतलं. म्हणते, दाराची चौकट वाकडी झालीय."

"वाकडी आहेच," आजी म्हणाली. "तुझ्या नवऱ्याने बसवलीय ना!"

ताई हसल्या. लेक हसली नाही.

आजीने हनुवटी टेकवली. लखकन उजेड पडला. खट्!

"हा डाग कसला?" लेक संगणकाच्या पडद्याजवळ गेली. "मागच्या वेळी एवढा मोठा नव्हता."

"अहो, ते आमचं भूत. खाऊनपिऊन सुटलं असेल."

"मग माझाही डोळा बघा."

चिमणीला आजीच्या मांडीवर देऊन ती माझ्यासमोर बसली. खट्! तिच्या तरण्याताठ्या डोळ्यात, त्याच जागी, तोच करडा डाग.

"झालं समाधान?" ताई म्हणाल्या.

लेकीच्या जिवात जीव आला. तिने चिमणीचा गालगुच्चा घेतला. "मीच बाई उगाच जिवाला घोर लावून घेते."

मला मात्र दिसलं होतं. आजीच्या डोळ्यात माझ्या भुताच्या पाठीशी दुसरंच कुणीतरी दबा धरून बसलं होतं. काठाशी किंचित लालसर. मी ओरडणार कसा? माझ्याजवळ आवाज म्हणून आहे तो एवढाच, खट्. ती तिघं जिना उतरून गेली. पावलांचा आवाज संपला तरी तो लालसर काठ माझ्या डोळ्यापुढून हलेना. त्यानंतर किती डोळे आले आणि गेले. मला प्रत्येकात तोच दिसे.

तीन महिन्यांनी एकदाचं औषध आलं. ताईंनी मला घासूनपुसून लख्ख केलं. भूत पळालं. आठवडाभर सगळे फोटो स्वच्छ आले. मग लेक आजीला हाताला धरून, ठरल्या वेळेच्या महिनाभर आधीच, घेऊन आली.

"आजी, या खेपेला भूत नाही बरं का!" ताई म्हणाल्या. खट्.

भूत होतं.

ताईंनी काच पुसली. खट्. तिथेच, मोठं झालेलं, भोवती रक्त. त्यांनी पुन्हा कापड उचललं, आणि हात तसाच राहिला.

"आजी, माझा चेहरा दिसतो तुम्हाला?"

"कान दिसतात. केस दिसतात. मधलं कुणीतरी पुसून टाकलंय."

"आई!" लेक म्हणाली. "आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर चिमणीला माझ्यापाशी ठेवलं असतंस?"

ताईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी डॉक्टरांना लिहिलं होतं, सोडून द्या म्हणून."

डोळ्यात इंजेक्शनं झाली. रक्त थांबलं, डाग वाढायचा थांबला. पण मोहरीएवढ्या जागेतलं जे गेलं ते परत आलं नाही. आता ताई प्रत्येक माणसाआधी माझी काच पुसतात. तरी उजेड पडला की मी आधी तो लालसर काठच शोधतो.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून: चौकट सरळ दिसते का? आणि 'हे सगळ्यांनाच असतं' असं कुणी म्हणालं, तर म्हणा, काच पुसा आणि पुन्हा बघा.

चिमणी आता चालते. दिवसभर ती दुसरीकडे असते. परवा ती आजीसोबत माझ्या खोलीत आली होती. आजी तिच्याकडे थेट बघत नाही. मान वळवून डोळ्याच्या कडेने बघते, तेव्हा कुठे ते इवलंसं तोंड तिला सापडतं. चिमणीला वाटलं असावं, माणसाकडे असंच बघायचं असतं. तीही आजीसमोर उभी राहिली, मान वाकडी केली, आणि भिंतीकडे तोंड करून हसली.